कॅनमधला समुद्र

वाईहून हर्णैला जायचं तर आमचा जीपवाला ठरलेला. कृष्णेचा पूल आला की हा स्टेअरिंग सोडून हात जोडतो आणि माझा जीव खालीवर होतो. हर्णैला मात्र तो ना समुद्रातला किल्ला बघतो, ना वाळूत हिंडतो. मासळीच्या वासाला शिव्या घालत गुडघाभर पाण्यात शिरतो आणि एक कॅन भरून घेतो. औषधाला नेत असेल, असं मला वाटायचं.

यंदा परतल्यावर त्यानं तो कॅन माझ्यादेखत वाईच्या घाटावर कृष्णेत ओतला.

"अहो, हे काय?"

"आवं, डोंगर उतरला की समिंदर, आन् किस्नामाईला दिली पार उगवतीच्या समिंदराला. हिकडचा तिला कवा दिसायचा?"

हसावं की हात जोडावेत, मला कळेना. तेवढ्यात तो नदीचं पाणी कॅनमध्ये भरू लागला.

"आता हे कशाला?"

"पुढल्या खेपंला तिकडं मोकळ्या हातानं जायाचं व्हय?"