पिंपलची गोळी आणि सुंदरा

सुरतेत आमच्या पर्वत पाटियाच्या चाळीत सुंदरा आली की बायका दार लोटून घेतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. सुंदरा आशा कार्यकर्ती. माहेर पारोळ्याचं, नवरा कडोदऱ्याला लूमवर. अकरा वर्षं खांद्याला तीच निळी पिशवी आणि तोंडी तोच प्रश्न, शेवटची पाळी कधी आली? माझ्या भूपेंद्रच्या लग्नाला आठ दिवस झाले नव्हते, तर नव्या सुनेला, चंचलला, तिने ओट्यावरच गाठलं. वर आणखी, "पिंपलनी गोई खास का वं?" खात असशील तर बंद कर म्हणे. माझं डोकंच फिरलं. हिला काय करायचंय पोरीच्या तोंडाशी?

पोरीच्या गालावर पिंपल होते, हे खरं. पुढे अमळनेरला भाच्याचं लग्न. सगळं गणगोत सुनेचं तोंड बघणार. ओळखीच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय गोळ्यांचे दहा-दहाचे तीन पत्ते दिले. रोज जेवणानंतर एक गोळी मीच तिच्या हातावर ठेवायचे, ती पाणी प्यायला आत जायची. महिन्यात तीस संपल्या. त्याच महिन्यात दिवस गेले. पण आमच्यात तीन महिने भरल्याशिवाय बातमी फोडत नाहीत, आणि सुंदराजवळ तर मुळीच नाही.

तीन महिने भरले आणि ती आलीच. पुन्हा गोळीचं विचारलं. मी म्हटलं, "दिली होती. भाच्याचं लग्न झालं, गोळ्याही संपल्या."

सुंदरा पिशवी ठेवून समोर बसली. कामाचं समजावताना ती अहिराणी सोडून शाळेतली मराठी बोलते. "वहिनी, बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. कुठला कप्पा कुठे, मोठी नळी कुठे, हे ठरायला आईच्या रक्तातलं थोडंसं व्हिटॅमिन ए लागतं. कमी पडलं तरी बिघडतं. ही गोळी त्याच जातीची, पण फार जोरकस. हृदय कसं घडायचं त्याचा इशारा नको तिथे पोचतो. गल्लीतल्या छायाच्या बाळाचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी मला हे सांगितलं. आणि तुम्ही नेमके तेच आठवडे झाकून बसता."

मी माझ्या हाताकडे बघत राहिले. याच हाताने दिल्या होत्या.

चंचल उठून आत गेली आणि केसांच्या पिनांचा डबा आणून तिने माझ्या मांडीवर उपडा केला. नुसत्या गोळ्या. "मावशींनी ओट्यावर सांगितलं होतं, मम्मी. तुम्ही माझं ऐकलं नसतं."

मी मोजल्या. एकोणतीस. पुन्हा मोजल्या, एकोणतीसच. सुंदराने डबा ओढून घेतला, आत बोट फिरवलं. तिसावी तळाला चिकटली होती.

महिनाभर सून माझ्याशी खोटं वागली, याचा राग यायला हवा होता. मला रडूच कोसळलं.

सुंदराने वही उघडली. "रडा सावकाश," ती म्हणाली. "आधी शेवटच्या पाळीची तारीख सांगा."