कोपरच्या नावाचा जीव

मंगळवारी सकाळी वसुधाच्या भावाचा फोन आला. वसुधा गेली. मी ठाण्याहून डोंबिवलीजवळच्या कोपरला, तिच्या घरी गेले.

त्याला आता काही आठवडे झाले. राग मात्र ओसरत नाही... आणि तो मृत्यूवरचा नाही, शोकसभेवरचा आहे.

वसुधा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. वाळूच्या कणाहून लहान, कवच असलेले एकपेशीय जीव हा तिचा अभ्यासाचा विषय. कोपरच्या खाडीवरून ती डब्यात चिखल आणायची आणि तो चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलायची. शेजारच्या काकू विचारायच्या, "आज कोलंबी की नुसताच चिखल?" "चिखलच, काकू. पाठवू वाटीभर?" कारखान्यांच्या पाण्याने त्यातली कितीतरी कवचं फुगलेली, पिळलेली असत. अशी बिघडलेली कवचंही ती वर्षानुवर्षं बघत आली होती.

मग ती दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेली. तिथल्या एका खाऱ्या सरोवराच्या गाळात तिला कुठल्याच जातीत न बसणारी कवचं मिळाली. तिचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, नवीन काही नाही. ओळखीचीच जात आहे, कवच बिघडलंय."

"सर, बिघडलेलं कवच मला नका शिकवू, मी डोंबिवलीची आहे. बिघडतं ते प्रत्येक वेगळं बिघडतं. ही सगळी एकसारखी आहेत."

तिचा शोधनिबंध त्यांनी पुढे जाऊच दिला नाही. तिने नाव मात्र ठरवून ठेवलं होतं. मी हसले होते, "अगं, ध्रुवावरचा जीव आणि नाव कोपरचं?" "मग काय पेंग्विनचं देऊ? बघायला शिकले ती कोपरच्या चिखलात."

शोकसभेत तेच सर उभे राहिले. जीव नवीनच आहे, आपण तो लवकरच जाहीर करू आणि त्याला वसुधाचं नाव देऊ, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! तिच्या भावाचे डोळे भरून आले. मला मात्र तिनेच सांगितलेला शास्त्रज्ञांमधला संकेत आठवला : शोधणाऱ्याने जीवाला स्वतःचं नाव द्यायचं नसतं. म्हणजे नाव वसुधाचं लागलं, की शोध सरांचा. तिच्या फोटोला हार घालून तिचा शोध काढून घेतला, आणि आम्ही कृतज्ञ व्हायचं!

मी उठून म्हणाले, "सर, नाव तिने ठरवलंय."

"आता त्या नाहीत ना, ताई," ते समजुतीने म्हणाले आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं.

तिच्या टेबलावर कुंचला अजून पेल्यात उभा आहे. ध्रुवावरची ती कवचं ठेवलेली काचपट्टी भावाने मला दिली. तिच्यावर वसुधाच्या अक्षरात 'कोपर' लिहिलेलं आहे.