साउंडला जपा!

आमच्या गायन पार्टीत नवीन गाणं बसायला महिना लागतो, किस्सा मात्र कार्यक्रमाला पोचायच्या आधीच तयार असतो. गावोगाव गाणं सोपं आहे हो, गाण्याचं सामान नेणं अवघड!

आम्ही चौघं. वाघमारे सर पार्टीप्रमुख, शाळेत मराठी शिकवतात. सुनंदाताई गातात, त्या अंगणवाडीत सेविका. मिलिंद ढोलकीवर, त्याचं परभणीत मोबाइल रिपेरिंगचं दुकान. पेटी माझ्याकडे. जयंती असो, लग्न असो, विहाराचं उद्घाटन असो, आम्ही हजर! सरांनी हौसेनं एक चाकांचा मोठा स्पीकर घेतलाय. त्याला ते ‘साउंड’ म्हणतात. तेही अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं घरातल्या थोरल्या मुलाचं नाव आहे.

*

एकदा झरीला निघालो. मी सरांच्या मोटारसायकलवर मागे, मांडीवर पेटी. पेटीच्या भात्याची कडी तुटलेली, म्हणून वरून पट्टा आवळून बांधला होता. त्या पट्ट्याखाली सुराची एक पट्टी दाबली गेली, ते काही माझ्या लक्षात आलं नाही.

खड्डा आला, पेटी म्हणाली, “पॅंऽऽ!” दुसरा खड्डा, “पॅंऽऽ!” पुढचे लोक आपोआप बाजूला व्हायला लागले. सर खूश! चौकात मात्र एका पोलिसानं हात केला.

“असला हॉर्न चालत न्हाई. काढून टाका.”

“साहेब, हॉर्न न्हाई, पेटी हाय,” सर म्हणाले.

पोलिसानं पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“मंग वाजवायलाव कशाला? गावात गेल्यावर वाजवा की!”

*

धुळीनं साउंडचा मिक्सर खराब होतो, म्हणून मिलिंदनं कुठून तरी पट्टा असलेला निळा आइसबॉक्स आणला. मिक्सर आत अगदी फिट बसला. ताईंनी तो खांद्याला लावला आणि आम्ही एका गावात शिरलो.

समोर पोरं खेळत होती. त्यांनी आधी डबा बघितला, मग ताईंना बघितलं. अंगावर अंगणवाडीची साडी आणि खांद्याला निळा डबा! अर्ध्या मिनिटात मैदान रिकामं. दोन आया मात्र लेकरं कडेवर घेऊन लगबगीनं आल्या, “ताई, आज कोणता डोस?”

कार्यक्रम बालगीतांचा होता. समोर एक पोरगं नाही. सगळी लिंबाच्या झाडावर! शेवटी सरांनी माइक हातात घेतला.

“बाळांनो, खाली या! सुई न्हाई, गाणं हाय!”

झाडावरून आवाज आला, “आदी डबा उघडून दाखवा!”

*

सोनपेठला एसटीनं चाललो होतो. साउंड पुढे ड्रायव्हरच्या मागे, सरांची शाल पांघरून. मिलिंद मधल्या सीटवर. सकाळी त्यानं स्वतःचा फोन ब्लूटूथनं साउंडला जोडून टेस्टिंग केली होती आणि बंद करायचं विसरला होता.

वाटेत त्याला बायकोचा फोन आला. मेहुणीचा साखरपुडा होता त्या दिवशी. यानं घरी सांगितलेलं की दुकानात लय काम आहे, यायला जमत नाही. फोन उचलला आणि शालीखालून अख्ख्या बसला ऐकू आलं, “कुठं हायत तुमी?”

मिलिंदनं दचकून साउंडकडे बघितलं. पण तोंडात ठरलेलं उत्तर होतं, तेच बाहेर पडलं, “दुकानात. गिऱ्हाईक बसलेत समोर.”

त्याच वेळी कंडक्टर ओरडला, “सोनपेठवाले, पुढं या!”

शालीतून आवाज आला, “दुकानात सोनपेठ कवा आलं?”

मिलिंद फोनची बटणं दाबतोय, सर शाल ओढतायत, काही केल्या आवाज बंद होईना. बाजूची एक म्हातारी म्हणाली, “सांग की बाबा खरं. कवर लपवशील?” शेवटी कंडक्टर स्वतः खाली वाकला आणि शालीजवळ तोंड नेऊन म्हणाला, “वहिनी, माझी चूक न्हाई. मला वरडावंच लागतं!”

मिलिंद तिथूनच उलट्या बसनं साखरपुड्याला गेला. त्या दिवशी ढोलकी सरांनी वाजवली. त्याबद्दल न बोललेलं बरं.

*

बिनवायरचा माइक नाजूक, आपटला की गेला. म्हणून ताई तो फडक्यात गुंडाळून पिशवीत, भाकरीच्या डब्याशेजारी ठेवायच्या. एकदा डब्यातला ठेचा सांडला. तेल फडक्यात, फडक्यातून माइकच्या स्पंजात!

विहाराचं उद्घाटन होतं. प्रमुख पाहुण्यांनी माइक तोंडाला लावला आणि सुरुवात केली, “माझ्या बंधू-भगिनींनो...” दुसऱ्या वाक्याला आवाज दाटला, तिसऱ्याला डोळ्यांतून धारा. चौथं वाक्य आलंच नाही. ते हात जोडून खाली बसले.

मंडपात टाळ्यांचा कडकडाट! पुढच्या रांगेतले दोन म्हातारेही डोळे पुसायला लागले. “असा दिलाचा माणूस बघितला न्हाई,” एक जण म्हणाला.

ताई आमच्याकडे बघेनात. जेवणाच्या पंगतीत पाहुणे हळूच त्यांच्याजवळ आले. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

“ताई,” ते म्हणाले, “अजून हाय का थोडा?”

*

येलदरी धरणाच्या पाण्यापलीकडच्या गावात लग्न होतं. आमची गाडी वाटेत बंद पडली. रस्त्यानं वळसा घालून गेलो असतो, तर लग्न उरकलं असतं. काठावर एक मच्छीमार होडी घेऊन निघाला होता, त्याला विनवलं. तो म्हणाला, “चला. पण ट्यूब एकच हाय माझ्याकडं. ज्याला पवता येत न्हाई त्यानं घ्या.”

होडी मध्यावर आली आणि वारं सुटलं. पाणी आत यायला लागलं. मिलिंद डब्यानं उपसतोय, मी पेटी छातीशी धरलेली, ताई डोळे मिटून वंदना म्हणायला लागल्या. होडीवाला वल्हं मारता मारता म्हणाला, “मोठ्यानं म्हणा ताई, मला बी धीर येतो.” ते ऐकून आमचा होता तोही धीर गेला!

कसेबसे पलीकडे लागलो. मांडवातली माणसं पळत खाली आली. चिखलात पाय टेकल्यावर ताईंनी डोळे उघडले, तेव्हा त्यांना दिसलं. ट्यूब साउंडला बांधली होती. चांगली दोन गाठी मारून.

“सर, तुमाला पवता येतं का?”

“न्हाई.”

“मंग ट्यूब त्याला का बांधली?” ताई रडतायत का रागावल्यात, कळेना.

सर रुमालानं साउंडवरचं पाणी टिपत होते. मान वर न करता म्हणाले, “ताई, माझी वॉरंटी कवाच संपली. याची अजून चालू हाय.”