दुसरीच्या बाईंचा शब्द

दुसरीच्या बाईंच्या संसाराला तेहतीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्यापासून एकच गोष्ट लपवली. मत कोणाला दिलं, ती. दर निवडणुकीला नवरा आडून आडून विचारायचा. कधी स्वतः चहा करून लाडीगोडी लावायचा, कधी तोंड फुगवून बसायचा. बाई म्हणायच्या, "अहो, मत गुप्त असतं," आणि भाजी चिरायला घ्यायच्या.

याची सुरुवात लग्नानंतरच्या पहिल्याच मतदानाला झाली होती. सासऱ्यांनी सकाळी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून शिक्का कुठे मारायचा ते सांगितलं. नव्या सुनेने मान डोलावली. मग ती मतदानाच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि तिच्या लक्षात आलं, की आत्ता आपल्याला कोणीही बघत नाहीये. सासू नाही, सासरे नाहीत, नवरा नाही. तिने स्वतःला हवा तिथे शिक्का मारला आणि घरी येऊन गपचूप सगळ्यांना जेवायला वाढलं. पुढे घर कुठे घ्यायचं, पडद्यांचा रंग कोणता, मुलाचं नाव काय ठेवायचं, बदली मागायची की नाही, हे सगळं इतरांनी ठरवलं आणि बाईंनी निमूटपणे मानलं. पण काही वर्षांतून एकदा तो हातभर पुठ्ठा त्यांच्या वाट्याला यायचा. तेवढं त्यांना पुरायचं.

म्हणूनच दुसरीच्या अभ्यासक्रमात 'आपले नेते, आपली निवडणूक' हा पाठ आला की बाईंच्या अंगात बारा हत्तींचं बळ यायचं. बाकीच्या तुकड्यांत तो दोन तासांत उरकायचा. बाई आठवडा लावायच्या. शेवटच्या दिवशी वर्गप्रमुखाची निवडणूक. त्यासाठी फ्रिजच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा होता, बावीस वर्षं वापरलेला, कडा मऊ पडलेला. तो टेबलावर उभा करायचा, मागे बुटांचा खोका ठेवायचा, मुलांनी एकेक करून जाऊन चिठ्ठी टाकायची. बाई त्या वेळी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

या वर्षी वर्गात मोठा बोर्ड आला. भिंतभर काच, बोट लावलं की उजळणारी, आणि सोबत एकतीस मुलांना एकतीस टॅब. खडूचा फळा मागच्या भिंतीला गेला. बोर्ड शिकवायला दर बुधवारी संगणकाचे सर यायचे. त्यांना सगळ्याचीच घाई. "सोप्पंय हो बाई, इथे टिचकी, तिथे टिचकी, झालं!" बाईंना ते 'झालं' कधी दिसलंच नाही. शेवटी त्यांनी सरांना समोर बसवलं आणि एका मोठ्या कागदावर एकेक पायरी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली. वर्षभर तो कागद समोर ठेवून त्यांनी मुलांकडून बोर्डवर बेरजा-वजाबाक्या करून घेतल्या. कोणाचं उत्तर काय आलं ते मुलाच्या फोटोसकट बोर्डवर दिसायचं, आणि कोण कुठे अडलंय ते बाईंना चटकन कळायचं. खरं सांगायचं तर बाईंना बोर्ड आवडायला लागला होता. फक्त घड्या घालघालून कागद फाटायला आला. मग त्यांनी निवडणुकीचा जुना पुठ्ठा काढला, आता मतदान टॅबवरच व्हायचं होतं, त्याचा काय उपयोग, म्हणून त्याचा एक तुकडा कापला आणि कागद डिंकाने त्यावर घट्ट चिकटवून टाकला.

पाठ सुरू झाला. बोर्डवर देशाच्या नेत्यांचे फोटो होते. बोट लावलं की फोटो पापण्यांची उघडझाप करायचा, घसा साफ करायचा आणि आपली कहाणी सांगायचा. पोरं खुळ्यासारखी बघत राहिली.

"बाई, हे जिवंत आहेत का?" पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

"नाही रे बाळा, ते कधीच वारले."

"मग बोलतात कसे?"

"ते नाही बोलत. बोर्ड बोलतोय त्यांच्या वतीने."

"मग ते खरंच असं म्हणाले होते का?"

बाईंनी चष्मा पुसला आणि पुढच्या फोटोला बोट लावलं.

वर्गप्रमुखाच्या निवडणुकीला दोघं उभे होते. एक कप्तान. वर्गात सगळ्यांत उंच, खेळात पहिला, आणि अर्धा वर्ग ज्या व्हॅनमधून शाळेत यायचा ती व्हॅन त्याच्या बाबांची. व्हॅनमध्ये खिडकीशी कोण बसणार आणि मागे कोण कोंबलं जाणार, हे कप्तान ठरवायचा. पोरगा मनाने वाईट नव्हता. पण सात वर्षांच्या मुलाच्या हातात सगळ्यांच्या जागा दिल्या तर तो त्या वाटणारच. दुसरी उमेदवार गोष्टीवाली. मधल्या सुट्टीत मनाने गोष्टी रचून सांगायची. कप्तानाने आश्वासन दिलं, की मला मत देईल त्याला चेंडू आधी. गोष्टीवाली म्हणाली, झोपाळ्यावर सगळ्यांना सारखा वेळ.

आणि एक हळूबाई होती. हे नाव बाईंनीच लाडाने ठेवलेलं. ती इतकं हळू बोलायची की बाईंना वाकून कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. पहिलीत तर ती वर्षभर बोललीच नव्हती. या वर्षी कुठे चार-सहा शब्द बाहेर पडायला लागले होते, आणि बाईंनी ते जिवापाड जपले होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना हळूबाई टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"काय गं?"

"बाई, कोणालाच नाही ना कळणार?"

"काय कळणार नाही?"

"मी कोणाला दिलं ते. कप्तानाला पण नाही?"

बाई वाकल्या. "कोणालाच नाही. कप्तानाला नाही, तुझ्या आईला नाही, मलासुद्धा नाही. माझा शब्द आहे."

हळूबाई हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. "बाई, मला ना गोष्टीवाली आवडते," ती म्हणाली, आणि एवढं मोठं वाक्य आपण बोललो याचं तिलाच नवल वाटल्यासारखी पळाली. बाई वाटभर त्या वाक्यावर खूश होत्या. घरी जाऊन त्यांनी नवऱ्यालाही ते सांगितलं, अर्थात कोणती आवडते ते वगळून.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका मोबाइल घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. देशाची निवडणूक तोंडावर आलेली, त्यात शाळेत टॅबवर मतदान. पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायलाच हवे होते. बाईंनी पायऱ्यांचा पुठ्ठा समोर ठेवला, बोटाने वाचत वाचत शेवटच्या, आठव्या पायरीपर्यंत आल्या, आणि म्हणाल्या, "चला, आता डोळे आपापल्या टॅबवर. शेजाऱ्याच्या टॅबमध्ये डोकवायचं नाही. ज्याला द्यायचंय त्याच्यावर एकदाच बोट."

एकतीस बोटं टेकली. बाई सवयीने खिडकीकडे वळून उभ्या राहिल्या. मग त्यांनी वळून बोर्डवरचं 'निकाल' दाबलं.

बोर्डवर दोन खांब उभे राहिले, आणि ते पोरांच्या चेहऱ्यांचे होते. टकटक आवाज करत एकेक फोटो येऊन खांबावर बसत होता, खाली नावासकट. पोरांना आधी गंमतच वाटली. "तो बघ मी! तो बघ मी!" टाळ्या वाजल्या. मागे मुख्याध्यापिकांनी फोटो काढला. आणि मग हळूहळू टाळ्या थांबल्या, कारण कप्तान जागेवरून उठून बोर्डपाशी गेला होता आणि गोष्टीवालीचा खांब खालून वर वाचत होता. त्याला वाचायला वेळ लागायचा, म्हणून तो अक्षरांवर बोट ठेवून वाचत होता. सातव्या फोटोवर तो थांबला. दोन वेण्या, पडलेले दात.

तो मागे वळला. "अगं, तू तर आमच्या व्हॅनमध्ये येतेस ना?"

तो रागाने बोलला नव्हता. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं.

बाईंनी बोर्डवर कुठे कुठे बोटं मारली. फोटो मोठे झाले, लहान झाले, पुसले मात्र जाईनात. शेवटी त्यांनी खाली बसून प्लग उपटला. काच काळी झाली. "मॅडम, तो फोटो टाकू नका," बाई धापा टाकत म्हणाल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, कधीच गेला. का? छान आलाय की!"

कप्तान अठरा विरुद्ध तेरा असा जिंकला होता. बाईंनी हळूबाईकडे बघायचा प्रयत्न केला. ती टॅबच्या काळ्या काचेकडे बघत बसली होती, मान इतकी खाली की फक्त भांग दिसत होता.

संध्याकाळी घरी बाईंनी तो पुठ्ठा मोरीत नेऊन ओला केला आणि कागदाची कड नखाने सोडवली. कागदाच्या पाठीमागे नववी आणि दहावी पायरी होती. त्यांच्याच अक्षरात, लाल शाईने, दोनदा अधोरेखित: 'मतदान घ्यायचे असल्यास नावे बंद करणे.' आपण पाठपोट लिहिलं होतं हेच चिकटवताना त्या विसरल्या होत्या. बेरजांना नावं लागायचीच, त्यामुळे वर्षभर मागची बाजू कधी लागलीच नाही. त्या मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिल्या. संगणकाच्या सरांवर खापर फोडावं म्हटलं तर तेही जमत नव्हतं. आणि पुठ्ठा कापला होता त्यांनीच, स्वतःच्या हाताने.

नवरा म्हणाला, "अगं, लेकरं आहेत. उद्या विसरतील."

"माझं पहिलं मतदान मी विसरले का?" बाई म्हणाल्या. तो कशाबद्दल बोलतेस म्हणून विचारत राहिला. त्या उत्तर न देता उठल्या.

दुसऱ्या दिवशी व्हॅन आली. पोरं उतरली, सगळ्यांत शेवटी हळूबाई. फ्रॉकला मागून काळे डाग पडले होते. बाईंनी वाकून कान तिच्या तोंडाशी नेला. "कुठे बसली होतीस?"

तिने बोटाने हवेत एक गोल काढला. स्टेपनीवर. मागच्या जादा चाकावर ती शाळेपर्यंत आली होती. बाईंनी व्हॅनवाल्यांना गाठलं. ते बिचारे हात जोडून म्हणाले, "बाई, पोरांची भांडणं ती. मला गाडी चालवताना मागचं काय दिसतंय?" उद्यापासून तिला पुढे बसवतो म्हणाले आणि बसवलंही. पण हळूबाईचं तोंड मिटलं ते मिटलंच. हजेरीला ती नुसता हात वर करायची. बाईंना रात्रंदिवस एकच टोचत होतं: आपण शब्द दिला होता.

आठवड्याने त्या वर्गासमोर उभ्या राहिल्या. "मुलांनो, त्या दिवशी बाईंची चूक झाली. मी सांगितलं होतं कोणाला कळणार नाही, आणि सगळ्यांना कळलं. ते मतदान खोटं. आपण ते पुन्हा घ्यायचं. चिठ्ठीवर, पूर्वीसारखं." कप्तान म्हणाला, "पण मी जिंकलो होतो!" बाई म्हणाल्या, "मग पुन्हा जिंकशील, घाबरतोस काय?"

निवडणुकीच्या मोठ्या पुठ्ठ्याला आता भगदाड होतं. म्हणून बाईंनी कोपऱ्यातल्या कपाटाचं दार उघडून त्याचा आडोसा केला. मागे बुटांचा खोका. बोर्डवर त्यांनी चादर टाकली. एकेक पोर दारामागे गेलं, आलं. हळूबाईही गेली. ती आत जरा जास्तच वेळ होती, आणि ते बघून बाईंच्या जिवात जीव आला. विचार करतेय पोर, त्यांना वाटलं. लिहितेय. अजून सगळं संपलेलं नाही.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी दार लावलं आणि खोका टेबलावर पालथा केला.

पहिली चिठ्ठी: कप्तान. खाली चिठ्ठी टाकणाऱ्या मुलाचं नाव, हजेरी क्रमांक. बाईंना हसू आलं. कागद हातात आला की आधी नाव घालायचं, हे त्यांनीच वर्षभर घोकून घेतलं होतं. दुसरी चिठ्ठी: कप्तान, खाली नाव. तिसरी. चौथी. दहाव्या चिठ्ठीपर्यंत बाई स्वतःला सांगत होत्या, सवय आहे, दुसरं काही नाही, सवय आहे पोरांची. विसावी गोष्टीवालीची. तिनेही कप्तानाचंच नाव लिहिलं होतं, आणि खाली आपलं.

एकतीसच्या एकतीस कप्तान. एकतीस सह्या.

हळूबाईची चिठ्ठी चार घड्या घालून अगदी लहान केलेली होती, म्हणून ती खोक्याच्या कोपऱ्यात अडकून शेवटी निघाली. तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुबक. कप्तानाचं नाव, खाली स्वतःचं नाव, क्रमांक, आणि त्याच्याखाली पेन्सिल दाबून दाबून लिहिलेली एक ओळ:

'बाई, ही चिठ्ठी त्याला दाखवा.'