एल्डोरा स्प्रेगच्या स्वयंपाकघरातली कमिटी

ऑर्डवे गावात कमिटीवर जायला कुणी नाही म्हणत नाही, कारण कमिटीवर नेमलेल्या माणसाला बहुधा ते नंतर कळतं. एल्डोरा स्प्रेग अशीच जतन समितीवर गेली. शाळेच्या खानावळीतून निवृत्त होऊन तिला जेमतेम महिना झाला होता. गावसभेत ती विणकाम करत बसली होती, कुणीतरी तिचं नाव पुकारलं, आणि टाक्यांचा हिशेब चुकू नये म्हणून तिने मान हलवली. पुढच्या वर्षी ती अध्यक्ष झाली. त्या दिवशी तर ती सभेलाही नव्हती.

गावकरी घरपट्टीबरोबर थोडा जादा कर भरतात, त्यात मॅसॅच्युसेट्स राज्य आपली भर घालतं, आणि त्या पैशातून जुन्या इमारती, रानं, खेळाची मैदानं राखायची, असं या समितीचं काम. पैसे कशाला द्यायचे हे गावसभा हात वर करून ठरवते आणि घरी जाते. त्यानंतरचं सगळं, म्हणजे ठेकेदारांची पत्रं, करारनामे, नकाशे, राज्याच्या कचेरीचे खुलासे, हे, ज्या टेबलाशी कमिटीच्या सभा भरत, त्या एल्डोराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडायचं. आधी एका कोपऱ्यात, मग अर्ध्यावर, मग मिठाच्या डबीलाही जागा उरेना.

ते टेबल मेपलच्या लाकडाचं होतं. तिच्या नवऱ्याच्या, लायमनच्या, वडिलांनी लग्नात करून दिलेलं. एका कडेला त्यांच्या मुलीने इस्त्री विसरून ठेवल्याचा काळा डाग होता. लायमनने सगळी उमर गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढण्यात घालवली होती, आणि गेल्या वर्षी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. तो आता सिंकपाशी उभा राहून जेवायचा. ताटली हातात, नजर खिडकीबाहेर. कुरकुर त्याच्या स्वभावातच नव्हती. फक्त एकदा घेवड्याचं सूप पिता पिता तो म्हणाला, "चर्चमागची घोड्यांची पडवी वाचवताय ना तुम्ही लोक?"

"वाचवतोय. का?"

"काही नाही. घोड्यांना निदान उभं राहून खायची सवय असते."

एल्डोराला हे झोंबलं. तिने त्याच दिवशी मनाशी ठरवलं, यंदाच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला लायमन या टेबलाशी बसून जेवेल. पडवीचं कामही असंच अडून बसलं होतं. पैसे मंजूर होऊन बसले होते, पण ठेका काढायला टाउन हॉलमधलं कुणीतरी माणूस लागत होतं, आणि छप्पर तर आणखी एक हिवाळा काढेल असं दिसत नव्हतं.

टाउन हॉलचा कारभारी ब्रेंट हॉफमन ओहायोहून नवा आला होता. गावाला वाटत होतं तेवढा तो वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचा तक्ता लागायचा. एल्डोरा त्याच्याकडे तीनदा गेली. आठवड्यातून दोन सकाळी एक माणूस द्या, पगार आमच्या निधीतून निघतो, कायद्यात तशी सोय आहे, गावाच्या खिशाला तोशीस नाही, असं तिने पढवल्यासारखं सांगितलं.

"प्रश्न पैशाचा नाही, मिसेस स्प्रेग," ब्रेंट म्हणाला. "माणूस बसणार कुठे? त्याचा साहेब कोण? आणि खरं सांगू? तुमचं काम इतकं छान चाललंय की मदतीची गरज दिसतच नाही."

काम नीट करण्याची शिक्षा ही अशी मिळते. एल्डोरा गोड हसली. तिचं गोड हसू शाळेतल्या पोरांना चांगलं ठाऊक होतं. ते हसू दिसलं की पोरं मुकाट्याने पानातल्या भाज्या संपवत.

सोमवारी सकाळी लायमनचा जुना ट्रक टाउन हॉलच्या दाराशी लागला. त्यात ते टेबल, दोन खुर्च्या आणि कमिटीचे सगळे कागद खोक्यांत. लायमनच्या जुन्या सोबत्यांनी टेबल उचलून बोळात, बरोबर कारभाऱ्याच्या दारासमोर, मांडलं. एल्डोराने कागद होते तसे लावले, किटली ठेवली, सफरचंदाचं सारण भरून भाजलेला ‘पाय’ कापला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हे काय आहे?" ब्रेंटने दारातून विचारलं.

"गावाचे कागद गावाच्या इमारतीत. तुम्हीच म्हणालात ना, माणूस बसणार कुठे? इथे बसते मी."

"पण हे टेबल..."

"टेबल माझं आहे. पायबरोबर चीज घेणार का?"

गावाचं दप्तर सांभाळणारी टाउन क्लार्क फिलिस ब्यूडेट ही एल्डोराची शाळेपासूनची मैत्रीण. तिने खिडकीतून मान काढून सांगितलं की सार्वजनिक कागद इमारतीबाहेर काढायला ती काही सही देणार नाही. ब्रेंटने पायचा तुकडा घेतला.

आठवडाभर त्या टेबलाने नुसता धुमाकूळ घातला. कुत्र्याचा परवाना काढायला आलेली माणसं बसून कॉफी पिऊन जात. घरपट्टीवर भांडायला आलेला एक म्हातारा पडवीच्या छपराचे जुने फोटो शोधून घेऊन आला. कर आकारणीच्या खोलीतली वांडा कोझिओल दुपारचा डबा तिथेच उघडायची, आणि जेवता जेवता तिने करारनाम्यांचे गठ्ठे वर्षांप्रमाणे लावून टाकले. "हात रिकामे राहिले की मला भूक जास्त लागते," असं तिचं म्हणणं. लायमन रोज बाराला यायचा आणि चक्क खुर्चीवर बसून जेवायचा. एल्डोराला वाटलं, झालं आपलं काम.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र ब्रेंटने शहाणपणा केला. शनिवारी इमारत बंद, कागद बोळात उघडे कसे राहू द्यायचे, म्हणून त्याने सगळे गठ्ठे जपून आपल्या खोलीत नेले आणि कुलूप लावलं. टेबल रिकामं करून पुसूनसुद्धा ठेवलं. हेतू चांगलाच होता.

ऑर्डवेत जन्मलेल्या कुणीही हे केलं नसतं. टाउन हॉलच्या बोळात शुक्रवारी जे रिकामं उभं असतं, ते शनिवारी सकाळी रस्ते खात्यातली पोरं काहीही न विचारता उचलतात आणि कचरा डेपोवरच्या अदलाबदलीच्या शेडमध्ये नेऊन ठेवतात. तिथे कुणी पाळणा ठेवतं, कुणी दिवा नेतं. पैसा नाही, पावती नाही. नियम एकच, शेडमधून ज्याने नेलं त्याचं झालं. परत मागायला जाणाऱ्याला पिढ्यान् पिढ्या नावं ठेवली जातात. एका घराण्याला तर बर्फावरच्या एका घसरगाडीपायी आजतागायत ठेवतात.

सोमवारी बोळ मोकळा पाहून एल्डोरा तशीच डेपोकडे निघाली. ती डेपोवर पोचेपर्यंत शेडही मोकळी होती. तिथला माणूस टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत राहिला.

"कुणी नेलं?"

"नवी बाई आहे ना, ती. फार खूश झाली हो. म्हणाली, असलं लाकूड आता मिळत नाही." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "आपल्या कारभाऱ्याची बायको."

एल्डोरा ट्रकमध्ये येऊन बसली. लायमनला तिने सांगितलं तेव्हा त्याने किल्लीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "बापाने ते गोठ्यात बसून केलं होतं. घरात थंडी होती म्हणून, गाईंच्या उबेला." आणि त्याने गाडी सुरू केली. एल्डोराला रडू आलं. आपल्याच खोडीपायी नवऱ्याच्या बापाचं टेबल घालवलं, याचा तिला स्वतःचा संताप आला. मागायला जाणं शक्य नव्हतं. ते तिलाही शोभलं नसतं आणि लायमनने तर पुन्हा गावात तोंड दाखवलं नसतं.

दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं, एक ब्रेंट आणि त्याची बायको सोडून. तो त्या टेबलाच्या जागी मोकळी फरशी पाहून एल्डोराला म्हणालासुद्धा, "समजूतदारपणे घरी नेलंत, बरं झालं." त्याने त्या टेबलावर सारखे कागदांचे ढीगच पाहिले होते. रिकामं केलं तेव्हा संध्याकाळच्या अंधारात पुसलं. आणि घरी बायकोने त्यावर फुलाफुलांचं मेणकापड घातलं होतं. आपण आपल्याच टेबलावर जेवतोय की दुसऱ्याच्या, हे पुरुषांना तसंही कळत नाही.

एल्डोरा दोन दिवस नुसती विणत बसली. तिसऱ्या दिवशी ती फिलिसकडे गेली. कमिटीच्या सभेची नोटीस दोन दिवस आधी टाउन हॉलच्या फळ्यावर लागते, वेळ आणि ठिकाण लिहून, म्हणजे कुणालाही येऊन बसता येतं. फिलिसने नोटीस वाचली, एल्डोराकडे पाहिलं, पुन्हा वाचली.

"एल्डोरा, अगं हा पत्ता..."

"अध्यक्ष देईल तो पत्ता तू लावायचा. असंच ना?"

"असंच," फिलिस म्हणाली आणि टाचण्या शोधायला लागली.

ब्रेंटला ती नोटीस दिसेपर्यंत सगळ्यांची वाचून झाली होती. तो हातात कागद घेऊनच बाहेर आला. "मिसेस स्प्रेग, हे माझं घर आहे!"

"हो ना. कमिटीची सभा इतकी वर्षं एकाच टेबलाशी होते, मिस्टर हॉफमन. टेबल कुठे राहायला गेलं, त्याला मी काय करणार? आम्ही आपलं त्याच्या मागे."

ब्रेंटच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळं उमटत गेलं, मेणकापडासकट. तो घाईने म्हणाला, "आजच परत पाठवतो."

"भलतंच. शेडमधून नेलेलं परत घेतलं तर मला या गावात राहता येईल का? तुमच्या मिसेसचं आहे ते आता. मी फक्त जागा वापरते. तुम्हाला काही त्रास नाही, सभा छान चालते आमची. मदतीची गरजच दिसत नाही."

गुरुवारी हॉफमनच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडवीबद्दल ज्यांना आजवर शष्प आस्था नव्हती तेही आले, सोबत डोनट, ब्राउन ब्रेड आणि चाउडर या दाट सुपाचं मोठं पातेलं घेऊन. ब्रेंटच्या बायकोचं नाव जोडी; ती गावात आल्यापासून कुणी पहिल्यांदाच तिच्या दारात आलं होतं. ती आनंदाने वाट्या पुरवत होती. एल्डोराने मेणकापड हळूच बाजूला केलं, इस्त्रीच्या डागावर हात ठेवला आणि सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं. लायमन भिंतीशी उभा होता. त्याने टेबलाकडे एकदाच पाहिलं.

सभा संपली, माणसं गेली. फिलिसने या वेळी सही दिली म्हणून टाउन हॉलमधून आलेले कागदांचे ढीग मात्र टेबलावर तसेच राहिले.

"हे?" ब्रेंटने विचारलं.

"पुढची सभा पंधरा दिवसांनी. कशाला हलवायचे? क्रम बिघडतो." ती दारातून वळून म्हणाली, "जेवायला सिंकपाशी चांगला उजेड येतो हो. लायमनला विचारा."

जोडी काही बावळट नव्हती. तिने त्या सभेत लायमनची नजर पाहिली होती, आणि दुसऱ्या दिवशी फिलिसला गाठून सगळं ऐकलं. ती इतकी हसली की फिलिसने तिला पाणी दिलं. मग ती हसायची थांबली. घरी येऊन तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं की तिने तक्ता केलाय, या घरात टेबल कधी मोकळं होणार त्याचा, आणि त्यात फक्त त्याची सही हवी आहे. ब्रेंट शुक्रवारपासून उभ्याने जेवत होता. बुधवारी सकाळी वांडा कोझिओलला जतन समितीच्या कामाला दोन सकाळी नेमल्याचा हुकूम निघाला. तिजोरीच्या शेजारची खोली, एक कपाट आणि, गावाच्या खर्चाने, एक टेबल. वांडाने पहिल्याच सकाळी पडवीचा ठेका काढला.

कागद गेले. राहिलं ते टेबल, आणि ते परत करायचा रस्ता या गावात नव्हता. शनिवारी लोकांना दिसलं की जोडी हॉफमन अदलाबदलीच्या शेडमध्ये मेपलच्या टेबलावर मांडी घालून बसली आहे. गाड्या येत होत्या. "ठेवलंय का हे?" असं एका बाहेरच्या माणसाने विचारलं.

"ठेवलंय," जोडी म्हणाली. "पण तुमच्यासाठी नाही."

मग स्प्रेगचा ट्रक आला. शेडमधली सगळी माणसं एकाएकी फुटके दिवे निरखायला लागली. जोडी टेबलावरून उतरली आणि तीही एक किटली उलटीपालटी करून बघत बसली. लायमनने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "कुणाचं नाही ना हे?" त्याने मोठ्याने विचारलं. कुणी फुटक्या दिव्यावरून नजर उचलली नाही. त्याच्या जुन्या सोबत्यांनी ते उचललं. जाता जाता एल्डोराने जोडीला विचारलं, गुरुवारी थँक्सगिव्हिंगला दोघं काय करताय? आणि उत्तर ऐकायच्या आधीच टर्की मोठी आणल्याचं सांगून टाकलं.

त्या गुरुवारी टेबलावर टर्की होती, क्रॅनबेरी होती, मिठाची डबीसुद्धा होती. ब्रेंटने आपली जागा ओळखल्यासारखी पटकन खुर्ची धरली. एल्डोरा भोपळ्याचा पाय घेऊन वळली, तर लायमन नव्हता. तो सिंकपाशी उभा होता. ताटली हातात, नजर खिडकीबाहेर. हसू ओठांवर आलेली एल्डोरा मध्येच थांबली. ही उभ्याने खायची सवय आपणच त्याला लावली, असं तिला वाटलं.

तिने पायची थाळी खाली ठेवली, त्याच्याजवळ जाऊन हातातली ताटली काढून घेतली आणि इस्त्रीचा डाग होता त्या कडेला ठेवली.

"लायमन, कमिटी उठली," ती म्हणाली. "बस आता."