कोंबडीच्या रक्तातलं पाणी

भिवंडीत कोंबडीच्या रक्ताशी अदबीने वागणारा माणूस एकच झाला, तो म्हणजे आमच्या कॉलेजचे प्राणिशास्त्राचे सर. स्वतः शुद्ध शाकाहारी, पण शेलार गावाच्या रस्त्यावरच्या चिकनच्या दुकानात रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक तेच. मी त्यांचा लॅब असिस्टंट. रक्त गोठू नये म्हणून बाटलीत औषधी खारं पाणी घालून ती आदल्या संध्याकाळी दुकानात ठेवायची, हे माझं काम. पक्ष्याच्या तांबड्या पेशीत पाणी किती वेगाने शिरतं, एवढ्या एका प्रश्नावर सरांनी अकरा वर्षं पीएच.डी. चालवली होती. "माणसाच्या पेशीत पाणी धाडकन घुसतं हो, कोंबडीच्या पेशीत दार वाजवून येतं!" हे त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंना इतकं समजावलं, की बाईंनी श्रीखंड नको म्हणून पान आवरतं घेतलं.

बर्ड फ्लूचं साल होतं. सरांची शेवटची मुदतवाढ सोमवारी संपत होती आणि प्रबंधाच्या तक्त्यातली एकच ओळ रिकामी होती. शुक्रवारी सकाळी दुकानवाल्या चाचांनी बाटली दोन्ही हातांनी पुढे केली. "सर, आज आखरी बाटली ना तुमची? म्हणून बाटली मीच तीन पाण्याने धुऊन पाक केली. आत कालचं पानी पडलं होतं, फेकलं."

बाटलीच्या तळाशी रक्ताची गाठ होती आणि वर सरबतासारखं लाल पाणी. नळाच्या पाण्याने पेशी फुटल्या होत्या. मी तोंड उघडणार, तोच सरांनी माझा दंड दाबला. "उत्तम झालं, चाचा," ते म्हणाले.

दुपारी बर्ड फ्लूची बातमी आली आणि चिकनची सगळी दुकानं बंद झाली. मी म्हटलं, "सर, मागच्या महिन्याचाच आकडा टाका, कोण बघतंय?"

"त्या पेशींनी तो आकडा दिलेला नाही," एवढंच बोलून त्यांनी वही मिटली. सोमवार गेला, आणि पीएच.डी.ही गेली. मला त्यांचा फार राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा; बाटलीतलं ते पाणी कशासाठी, हे मी चाचांना कधी सांगितलंच नव्हतं.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा चाचांनी विचारलं, "झालात ना डॉक्टर?"

"झालो की, चाचा."

चाचांनी शेजारच्या पॉवरलूमवर पेढे वाटले. तेव्हापासून रस्त्यापलीकडून "डॉक्टरसाब!" अशी हाक आली की सर थांबून हात वर करत.

सर वारले तेव्हा कॉलेजच्या फळ्यावर श्रद्धांजलीखाली त्यांचं नाव लिहिलं होतं. चाचा त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. "डॉक्टर लिहायला विसरले हे लोक," ते म्हणाले.

मी खडू घेतला आणि नावाआधी 'डॉ.' लिहिलं.