गोष्टीत मेलेली सासू

कोंडिवडं गाव मागं पडलं तरी विमलबाईंचा राग काही मागं पडेना. चपला फटफट वाजवत त्या आपल्या कोंडाणे गावाच्या वाटेनं पुढं, आणि समजूत घालायला कर्जतहून टेंपोनं सोबत आलेल्या सुनीतीबाई धापा टाकत मागं.

"आजपासून तुमच्या कट्ट्याला माझा रामराम," विमलबाई न वळताच म्हणाल्या.

कर्जतच्या दत्तमंदिरात शनिवारी लिहिणाऱ्या बायकांचा कट्टा जमतो. एकीचं लिखाण दुसरीनं वाचायचं आणि जिचं आहे तिनं खडीसाखर तोंडात धरून बसायचं. खडा विरेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, अशी तिथली रीत. विमलबाईंनी गोठा, शेत सांभाळत सासूच्या मरणाची गोष्ट लिहिली होती. लिहिताना इतक्या रडल्या, की तव्यावरची भाकरी करपली. आज कट्ट्यातल्या तेजश्रीनं ती वाचली. पहिल्या पानावर सासू गेली. दुसऱ्यावर तेरावा झाला. तिसऱ्यावर सासूनं आमटी अळणी म्हणून ताट सरकवलं. बायका हसून लोळल्या, आणि विमलबाईंच्या तोंडात खडा.

"तेराव्यानंतर जेवायला बसवलंत की हो तिला," सुनीतीबाईंना पुन्हा हसू फुटलं.

"मंग काय करू? खरी तर घरात हाय, रोज जेवतेय. लिवता लिवता ध्यानातच नाय ऱ्हायलं."

"घरी कुणाला वाचून दाखवली नव्हती?"

"ह्यांना. दोनदा. झ्याक म्हनले."

"कोंडाजीरावांनी ऐकली होती का पण?"

विमलबाईंची चाल मंदावली. "ह्यांना युरियाच्या गोणीवरचं वाचून दावलं तरी झ्याकच म्हंतात."

"आणि अशीच दिवाळी अंकात छापून आली असती तर?"

विमलबाई मटकन दगडावर बसल्या. सुनीतीबाईंनी मनातल्या मनात दत्ताला हात जोडले. राग उतरला म्हणून, आणि बसायला मिळालं म्हणूनही.

"ती कट्ट्यातली सुरभी म्हनत होती, मरान काढा, आमटी ठेवा," विमलबाई म्हणाल्या. "ब्येस हाय तसं. पन मरनाची व्हती म्हून गोष्ट सासूपास्नं लपिवली, गोष्टीत ती जित्ती ऱ्हायली का ऐकाया मागंल. आन् आमटीचं ऐकलं का चपलेनं मारंल."

"मग हो?"

"येक करा ना ताई. पुढल्या शनवारचा कट्टा आमच्या पडवीत भरवा, आन् तिच्यासमोर गोष्ट तुमीच वाचा. येकटी गावली तर मला सोडायची नाय ती. पन तुमी समद्या मधी बसलात, तर तिचा हात काय माझ्यापरेंत पोचायचा नाय."